कॅमेरा पाळीवर ठेवा

डिसेंबर लागला की नागपूरच्या पक्षीवेड्यांचे रविवार शहराबाहेर उजाडतात. वडगाव धरण, सायकी, पारडगाव, मकरधोकडा, झिलपी, रामटेककडे खिंडसी. काचांवर दव साचलेल्या गाड्या अंधारातच निघतात. मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेल्या लेन्स असतात, आणि आदल्या रात्री ग्रुपवर पडलेलं लोकेशन मोबाईलवर उघडं असतं. संध्याकाळपर्यंत फोटो येऊ लागतात. पट्टकादंबांचा, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेल्या राखी हंसांचा थवा, मागे कोवळं ऊन, प्रत्येक पीस सुटं सुटं दिसतंय. चक्रवाकांची जोडी, पंख पूर्ण उघडलेले. पाण्यावरून उठणारी तलवार बदकं, पायांखाली तुषार. फोटो सुंदर असतात, त्यात वाद नाही. पण एक हिशेब जुळत नाही. हिवाळ्यातलं बदक दिवसाचा बराचसा वेळ पाण्यावर तरंगत, चोच पाठीच्या पिसांत खुपसून डुलक्या काढण्यात घालवतं. मग आपल्याकडे येणाऱ्या फोटोंत ते कायम उडतच कसं असतं?

त्याला कोणीतरी उडवलेलं असतं.

कॅमेरा माझ्याही खांद्यावर असतो आणि तो कोणी कपाटात ठेवून द्यावा असं मला वाटत नाही. माझं म्हणणं छोटं आहे. नागपूरभोवतीच्या तलावांवर हिवाळ्याच्या महिन्यांत कॅमेऱ्यांना एक बाजू ठरवून द्यावी आणि उरलेला तलाव पक्ष्यांसाठी सोडावा. ती बाजू कोणती, हे गावानं आणि तिथल्या मच्छीमारांनी ठरवावं. वनखात्यानं नको, आणि आम्हा फोटो काढणाऱ्यांनी तर मुळीच नको.

आधी उडवण्याची किंमत बघू. पट्टकादंब तिबेट, मंगोलिया आणि मध्य आशियातल्या उंच पठारांवर वीण करतात आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. उपग्रह टॅग लावलेल्या एका पट्टकादंबाची ७,२९० मीटर उंचीवर नोंद झालेली आहे. हा पराक्रम बहुतेक कॅप्शनमध्ये असतो, आणि त्याच पराक्रमाचा आधार घेऊन एक युक्तिवादही केला जातो: हिमालय पार करून आलेल्याला तलावावर दोन चकरा जास्त मारल्यानं काय होणार? होतं. इथे ते सहलीला आलेले नसतात. आलेला शीण काढणं, अंगावर पुन्हा चरबी चढवणं आणि मार्चच्या आसपास परतीच्या उड्डाणाला लायक होणं, एवढ्यासाठी त्यांच्याकडे हे तीन-चार महिने आहेत. बदकांच्या कित्येक जाती तर जोडीदारही इथेच, हिवाळ्यातल्या पाण्यावर निवडतात आणि जोडीनं परततात. पक्ष्याच्या शरीराला उडण्याइतकं महाग दुसरं काही नाही. विश्रांतीत जेवढी ऊर्जा लागते त्याच्या कितीतरी पट ऊर्जा पंख मारण्यात जाते, आणि सगळ्यात जास्त लागते ती पाण्यावरून उठताना. आम्हाला नेमका तोच क्षण हवा असतो.

शिवाय दिवसा बदकं 'नुसतीच बसलेली' दिसतात त्याचं कारण ती रात्री जागतात. अडई, चक्रांग, तलवार बदक यांचं बरंचसं खाणं अंधारात होतं. पट्टकादंब संध्याकाळी उठून धरणाचं पाणी मागे सरलेल्या गाळपेर जमिनीत, हरभऱ्या-गव्हाच्या शेतांत उतरतात आणि उजाडता उजाडता पाण्यावर परततात. म्हणजे आम्ही पहाटे तलावावर पोचतो तेव्हा ते कामावरून घरी आलेले असतात. बुटीबोरीत रात्रपाळी करून सकाळी अंग टाकलेल्या माणसाच्या दारावरची घंटी दर अर्ध्या तासानं कोणीतरी वाजवावी, तसं हे आहे. एकदा वाजवणाऱ्याला वाटतं, मी तर एकदाच वाजवली.

हे 'एकदाच' फार फसवं आहे. सकाळी सहाला आलेला गट थवा उडवतो, थवा दोन फेऱ्या मारून पलीकडे बसतो. साताला दुसरा गट येतो. आठला पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, शाळेची सहल, साडेआठला ड्रोन घेतलेला एखादा प्री-वेडिंगवाला. यातल्या कोणालाच आपण काही मोठं केलं असं वाटत नाही, आणि खरंच कोणी एकट्यानं केलेलंही नसतं. बेरीज फक्त पक्ष्याकडे असते.

आमच्यात नेहमी ऐकू येणारं आणखी एक वाक्य: "अरे, मी इतका जवळ गेलो, तरी उडाला नाही. त्याला काही फरकच पडत नव्हता." याच्याशी मला जरा भांडायचं आहे, कारण सगळा समज यावर उभा आहे. पक्षी उडत नाही याची कारणं दोन असू शकतात. एक, त्याला खरोखर धोका वाटत नाही. दुसरं, उडून जायला त्याला दुसरी जागा नाही, किंवा अंगात तेवढी शक्ती नाही. जवळच दुसरा निवांत तलाव असेल तर तोच पक्षी लांबूनच उठून जाईल. तसा तलाव नसेल तर नाइलाजानं बसून राहील. बाहेरून बघणाऱ्याला हा दुसरा पक्षी जास्त धीट वाटतो. बसल्या जागी पक्ष्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, हेही उपकरणं लावून मोजलं गेलं आहे. आणि उपकरणाशिवाय दिसणारी खूण आहेच: माना. चरणाऱ्या थव्यात माना खाली असतात. आपण जवळ सरकलो की एक मान वर येते, मग चार, मग सगळ्या. त्या क्षणी थव्याचं खाणं थांबलेलं असतं. गंमत अशी, की आम्हाला हाच फोटो आवडतो. मान ताठ, डोळा थेट लेन्समध्ये. 'काय नजर दिली आहे!' म्हणून खाली कौतुक होतं. ती नजर कसली आहे हे कोणी विचारत नाही.

आता हा प्रश्न आमच्या आमच्यात, चहा पिता पिता सोडवायचा सोडून सार्वजनिक का करायचा? कारण या तलावांना धनी नाही. पेंचमध्ये किंवा उमरेड-कऱ्हांडल्यात जिप्सीतून खाली पाय ठेवता येत नाही. गोरेवाड्याला फाटक आहे, तिकीट आहे, वेळ ठरलेली आहे. पण हिवाळी पाहुण्यांपैकी बरेचसे जंगलाच्या आत उतरतच नाहीत. त्यांना उघडं, उथळ पाणी लागतं आणि बाजूला शेत लागतं. ते असतं सिंचनाच्या तलावांवर, धरणांच्या फुगवट्यात, गावतलावांत. तिथे ना फाटक, ना गाइड, ना नियमांची पाटी.

कायद्याचीही तिथे मोठी फट आहे. पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांनी पाणथळाची जी व्याख्या केली, तिच्यातून पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, करमणुकीसाठी बांधलेल्या रचना आणि धानाची शेतंसुद्धा वगळली. दुसऱ्या प्रांतात याचा अर्थ थोडाफार तपशील वगळला असा होत असेल. विदर्भात जवळपास सगळंच वगळलं जातं. आपले तलाव गोंड राजांच्या काळातले, भोसल्यांचे, मालगुजारांचे, कोहळी समाजानं बांधलेले, किंवा नंतर पाटबंधारे खात्याचे. नैसर्गिक सरोवर म्हणून पटकन आठवावं ते लोणार, आणि तेही उल्केनं खणलेलं. नागपूरच्या फुटाळा तलावातल्या कारंज्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा २०२५ मध्ये हाच मुद्दा निर्णायक ठरला: तलाव मानवनिर्मित, म्हणून या नियमांच्या अर्थानं पाणथळ नाही. तलाव स्वच्छ राहिला पाहिजे, त्याचं नुकसान होता कामा नये, हे न्यायालयानं बजावलं हे खरं. पण चक्रवाकाला तलाव कोणी खोदला याच्याशी काय देणंघेणं? त्याला पाणी दिसतं, काठाचा चिखल दिसतो, तो उतरतो.

उरतो १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. तो तलाव कोणाचा हे न बघता पक्ष्याला संरक्षण देतो. त्याच्या दुसऱ्या कलमात शिकार म्हणजे काय हे सांगितलं आहे. त्यात मारणं, पकडणं, फास लावणं तर येतंच, पण हाकलणं आणि आमिष दाखवणं हेही येतं. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी आणि घरटी यांना धक्का लावणंसुद्धा. ही व्याख्या लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हाकारे होते, बंदुका होत्या. वडगावच्या धरणावर उडता थवा मिळावा म्हणून काठावरून टाळ्या वाजवणारा निवृत्त अधिकारी नव्हता. त्याच्यावर गुन्हा दाखल करा असं मी म्हणत नाही, कोणी करणारही नाही. पण आपण जे 'काही विशेष नाही' म्हणून करतो, त्याचा पत्ता कायद्यात कोणत्या गल्लीत लागतो हे एकदा बघून ठेवलेलं बरं.

शिकारीवरून भरतपूर आठवतं. १२ नोव्हेंबर १९३८ ला तिथे व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारपार्टीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. आकडा शिळेवर कोरलेला आहे, आजही वाचता येतो. अंगावर काटा येतो. तरी त्या शिळेवरून आणखी एक गोष्ट कळते: तिच्यावर तारखा आहेत. शिकारीचे दिवस मोजके होते आणि ते मोजले जात होते. आमच्या कॅमेऱ्यानं पक्षी मरत नाही, हा फरक छोटा नाही, पण आमचे दिवस मोजलेले नाहीत. नोव्हेंबर ते मार्च, प्रत्येक शनिवार-रविवार, शिवाय नाताळ, संक्रांत, सव्वीस जानेवारी. पक्ष्याला साप्ताहिक सुट्टीसुद्धा नाही.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण त्यातले निम्मे माझ्या मित्रांचेच आहेत.

पहिला आक्षेप वजनदार आहे. तलाव जलपर्णीनं भरताहेत, सांडपाणी येतंय, काठावर ले-आउट पडताहेत, खिंडसीत बोटिंग चालतं, रात्री जाळी लावून बदकं धरणारे आजही आहेत. ज्याचा तलावच चालला आहे त्याला चार फोटोग्राफरांचा काय त्रास? अंबाझरीची जलपर्णी आधी काढा, मग आम्हाला शिकवा. पहिला भाग शंभर टक्के मान्य. तलाव मरणं हे पक्षी उडवण्यापेक्षा शेकडो पट वाईट. पण निष्कर्ष उलटा निघतो. उतरायला तलाव जितके कमी, तितका उरलेल्या तलावावरचा त्रास महाग. दहा पाणवठ्यांतल्या एकावरून हुसकलेला थवा उरलेल्या नवांपैकी एखाद्यावर जाईल. दोनच उरले असतील तर दिवसभर त्या दोघांतच घिरट्या घालेल. आणि दुसरं, सांडपाणी थांबवायला महापालिका लागते, निविदा लागते, न्यायालय लागतं. आपण चाळीस पावलं मागे राहायला काय लागतं?

दुसरा आक्षेप: फोटोग्राफर आहेत म्हणून तर नोंदी आहेत. कुठला दुर्मीळ पाहुणा कधी आला, कुठल्या जातीनं येणं सोडलं, कुठे जाळी लागली, हे सगळं कॅमेऱ्यांमुळे कळतं. खरं आहे. ओळख पटवायला स्पष्ट नसलेला फोटोही पुरतो, हेही तितकंच खरं आहे. नोंदीसाठी लागणारा फोटो आणि भिंतीवर लावायचा फोटो यांच्यात जे अंतर आहे, ते सगळं अंतर पक्ष्याच्या दिशेनं कापलं जातं. आणि नोंदींचंच बोलायचं तर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून चालू आहे. दुर्बीण घेऊन पाळीवर उभं राहून, जातीनिहाय, एकेक पक्षी मोजायचा असतो. मोजणी अर्ध्यावर असताना पलीकडच्या काठानं कोणीतरी वाकून वाकून पुढे सरकतो आणि सगळं पाणी हवेत जातं. मोजणाऱ्याचे हाल बघवत नाहीत. विज्ञानाच्या नावानं जे सांगितलं जातं ते विज्ञानाच्याच मुळावर येतं, ते असं.

तिसरा आक्षेप ऐकला की मात्र मी हसतो. हिवाळा म्हणजे विणीचा हंगाम नाही, त्यामुळे घरट्यांना त्रास देण्याचा प्रश्न येत नाही, म्हणे. बदकांपुरतं बरोबर. पण शृंगी घुबड नाल्याच्या दरडीत अंडी घालतं ते याच महिन्यांत. मोरघारीची वीणही थंडीतच सुरू होते. भोवत्ये, म्हणजे उत्तरेकडून येणारे ते लांब पंखांचे शिकारी पक्षी, रात्री माळावरच्या उंच गवतात जमिनीवर, अनेक मिळून झोपतात. संध्याकाळी ते उतरताना सोनेरी प्रकाशात फोटो छान येतो म्हणून गाड्या थेट गवतात घातल्या जातात. आणि घुबडांसाठी मोबाईलवर 'कॉल लावणं', म्हणजे त्यांचाच आवाज वाजवणं, तर इतकं रुळलं आहे की त्यात कोणाला काही वावगंही वाटत नाही. घुबडाच्या कानाला ते आपल्या हद्दीत दुसरा घुसल्याचं आव्हान असतं. ते शिकार सोडून, प्रसंगी अंडी सोडून, भांडायला येतं आणि समोर भांडायला कोणी नसतं. मेळघाटातला रानपिंगळा शंभराहून अधिक वर्षं नामशेष समजला गेला होता, १९९७ मध्ये नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ पुन्हा सापडला. इतक्या मुश्किलीनं हाती लागलेल्या पक्ष्याला स्पीकरवर नाचवायचं म्हणजे कमाल आहे.

चौथा आक्षेप मात्र मला मनापासून आवडतो, कारण त्यातच उत्तर आहे. "ढीवर रोज तलावात उतरतात, डोंगा घेऊन मधोमध जातात, जाळी टाकतात. त्यांना पक्षी उडत नाहीत, आम्हालाच का उडतात?" कारण ढीवराचा डोंगा रोज त्याच वाटेनं, त्याच वेळेला, त्याच चालीनं जातो. त्याची नजर पाण्यात असते. पक्ष्याला सरळ आपल्या रोखानं येणारा, मध्येच थांबणारा, पुन्हा सरकणारा, टक लावून बघणारा प्राणी ठाऊक आहे. तो शिकारी असतो. फोटोग्राफर नेमका तसाच वागतो. बाजूनं, आपल्या नादात निघून जाणाऱ्याला पक्षी बरंच जवळ येऊ देतात. डोंग्याला पक्षी घाबरू लागतात ते त्यात आमच्यातला कोणी बसल्यावर. काठावरचा संवाद असा असतो:

"दादा, जरा तिकडून डोंगा फिरवून आणा ना. उडतीन थोडे."

"उडून कुठं जातीन साहेब? आत्ताच तर बसले."

तरीही पाचशेची नोट पुढे होते आणि डोंगा फिरतो. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. थंडीत मासळी कमी लागते, नोट तर समोर असते. पण वर्षानुवर्षं पक्ष्यांचा जो विश्वास त्याच्या डोंग्यानं मिळवला, तो आपण एका सकाळीपुरता विकत घेतो आणि खर्चून टाकतो.

म्हणून ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे असावा असं मी म्हणतो. थवा दुपारी कुठे बसतो, कुठल्या खोपच्यात वारा लागत नाही, शेतातून परतताना कुठून येतो, हे मच्छीमार संस्थेच्या माणसाला तोंडपाठ असतं. आम्ही ते त्याच्याकडूनच काढून घेतो आणि वर त्यालाच 'लोकल गाइड' म्हणतो. दर नोव्हेंबरात आपल्या राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो, मारुती चितमपल्लींचा वाढदिवस ५ तारखेला आणि सलीम अलींचा १२ ला, त्या दोन तारखांच्या मधला. चितमपल्लींनी नवेगावबांधच्या परिसरात पक्ष्यांबद्दलचं कितीतरी ज्ञान तिथल्या रहिवाशांकडून मिळवलं आणि ते मोकळेपणानं सांगितलंही. सप्ताहात व्याख्यानं होतात, प्रदर्शनं लागतात, फोटोंना बक्षिसं मिळतात. त्या व्यासपीठावर आजवर एखाद्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षाला बसवलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

प्रत्यक्षात करायचं काय? आपल्या तलावांची रचनाच मदतीला येते. एका अंगाला मातीची पाळ, आपल्याकडे तिला पारही म्हणतात. त्या बाजूला पाणी खोल. समोरच्या अंगाला, जिथून नाले आत येतात, पाणी उथळ, चिखल, गवत, गाळपेर. पट्टकादंब, चक्रवाक, चिखल्ये आणि बहुतेक बदकं त्या उथळ अंगाला राहतात. तर कॅमेरा पाळीवर. ज्याला यायचं त्यानं यावं, पाळीवर उभं राहावं, बसावं, तिपाई लावावी, डबा खावा. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी हे तीन महिने पलीकडच्या उथळ अंगाला पायी जायचं नाही, गाडी न्यायची नाही, डोंगा भाड्यानं घ्यायचा नाही, ड्रोन उडवायचा नाही. शेतकरी जाईल, गुराखी जाईल, मच्छीमार जाईल. त्यांची वहिवाट आहे. ग्रामसभेनं ठराव करावा, संस्थेनं पाटी लावावी. नवा कायदा लागत नाही, वनखात्याचा गार्ड लागत नाही. पाळ लांबूनही दिसते, त्यामुळे कोण कुठे आहे हे गावाला आपोआप कळतं.

"पाळीवरून काय मिळणार? ठिपके!" हो, बऱ्याचदा ठिपकेच. मात्र त्या ठिपक्यांसोबत तलाव मिळतो, मागची टेकडी मिळते, हरभऱ्याचं शेत मिळतं, धुक्यातून जाणारी बैलगाडी मिळते. पक्षी कुठे राहतो हे त्या फोटोत दिसतं. मागचं सगळं धुवून टाकलेल्या, हिरवट पडद्यासमोरच्या फोटोत तो पक्षी सायकीचा आहे की सायबेरियाचा, काही कळत नाही. आणि तसे फोटो आता इतके झाले आहेत की माझी बोटं ते बघता बघता पुढे सरकवतात. तुमचीही सरकवत असतील.

तरी एक आक्षेप खरा उरतो आणि तो मला टाळायचा नाही. पाळीचा नियम सगळ्यांना सारखा लागत नाही. ज्याच्याकडे दहा लाखांच्या वरची सहाशे मिलिमीटरची प्राइम लेन्स आहे त्याला पाळीवरूनही बरंच काही मिळेल. ज्या पोरानं वर्षभर पैसे साठवून जुनी तीनशे मिलिमीटरची लेन्स घेतली, तो उपाशी राहील. जवळ जाण्याची घाई त्यालाच जास्त असते आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. मोठ्या लेन्सवाल्यांनी त्याला सभ्यतेचे धडे द्यावेत हे मला आवडत नाही. उलट स्पर्धांनी आधी मोठ्यांना जाब विचारावा. बक्षिसासाठी फोटो पाठवताना तो कुठून काढला, पक्षी आणि तुमच्यात अंतर किती होतं आणि तो उडाला असेल तर कशानं उडाला, एवढं चार ओळींत लिहून मागावं. खोटं लिहिणारे लिहितील. पण परीक्षकांसमोर तो प्रश्न निदान उभा तरी राहील. आज तर तो कोणी विचारतच नाही. लोकेशनचंही तसंच. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर काही संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणं मुद्दाम झाकून ठेवलेली असतात. आपल्या व्हॉट्सॲपवर मात्र घुबडाच्या ढोलीची पिन उजाडायच्या आत पाच ग्रुपांत फिरलेली असते.

त्या पोरासाठी उपाय आहे, आणि फार खर्चाचा नाही. उथळ अंग जिथे सुरू होतं त्या टोकाशी, गाव सांगेल त्या जागी, एक लपण बांधावं. बांबूचा सांगाडा, बुरडांकडून विणून घेतलेले तट्टे, वर तणस, समोर लेन्सपुरती खिडकी. ते ऑक्टोबरातच उभं करायचं, म्हणजे थवे येतील तेव्हा त्यांच्या दृष्टीनं ते तिथलंच एक खोपटं असेल. जागा चौघांची. भाडं मच्छीमार संस्थेनं ठरवावं, पावती फाडावी, पैसे तिच्याच खात्यात जावेत. डोंगा फिरवून मिळणाऱ्या चोरट्या पाचशेपेक्षा ते बरे. शाळकरी मुलांना आणि विद्यार्थ्यांना अर्ध्या दरात. नंबर लावून द्यायचे, नाहीतर आठवड्यात तिथेही ओळखीपाळखी सुरू होतील. अशा जागी बसलं की पक्षी आपणहून किती जवळ येतात याचा अनुभव असणाऱ्यांना तो सांगायला नको. तीनशेची लेन्ससुद्धा पुरते, कधी कधी जास्तच होते.

अट एकच, पण ती कडक. उजाडायच्या आधी आत शिरायचं आणि थवा स्वतःहून दूर जाईपर्यंत किंवा संस्थेचा माणूस येऊन हाक मारेपर्यंत बाहेर पडायचं नाही. मध्येच भूक लागली, बॅटरी संपली, बायकोचा फोन आला, ही कारणं चालणार नाहीत. किल्ली संस्थेकडे राहील. साडेनऊ-दहाला मोकळे झालात तरी परतीच्या वाटेवर तर्री-पोहे मिळतात, मी विचारून ठेवलं आहे.